चौकशी, अटक आणि घटनेने दिलेले संरक्षण

निपाणीच्या तंबाखूपेठेस कर-अधिकाऱ्याची भेट नवीन नाही. 1943 साली तंबाखूवर केंद्रीय अबकारी कर बसला. तेव्हापासून वखारीची किल्ली, साठ्याची वही आणि वाहतुकीचा परवाना यांची काळजी येथील पेढीवाल्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या वाहत आल्या. 2017 पासून त्यात वस्तू व सेवा कराच्या कायद्याची भर पडली असून, त्यातील कलम 69 अन्वये मोठ्या करचुकवेगिरीबद्दल आयुक्तांना अटकेचा हुकूम देता येतो. असा प्रसंग आल्यास प्रामाणिक व्यापारीसुद्धा गोंधळून जातो व पुढे ठेवलेल्या कागदावर सही करून मोकळा होतो. म्हणून या विषयाची थोडी फोड करणे अगत्याचे वाटते.

भारतीय राज्यघटनेच्या अनुच्छेद 22 मध्ये मुख्य संरक्षण सांगितले आहे. अटक झालेल्यास अटकेची कारणे शक्य तितक्या लवकर कळविली पाहिजेत. त्याच्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला त्यास घेऊ दिला पाहिजे. आणि प्रवासाचा वेळ वगळून 24 तासांच्या आत त्यास दंडाधिकाऱ्यासमोर उभे केले पाहिजे. हा अनुच्छेद घटना समितीत सप्टेंबर 1949 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडला. 1925 साली ज्यांच्या अध्यक्षतेखाली निपाणीत बहिष्कृत वर्गाची प्रांतिक परिषद भरली होती, तेच हे आंबेडकर. प्रतिबंधक स्थानबद्धतेस मात्र हे नियम जसेच्या तसे लागू नाहीत, हेही ध्यानात असावे.

स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती आरोपीवर करू नये, असे अनुच्छेद 20 चे तिसरे खंड सांगते. याचा अर्थ पुष्कळांस वाटतो तेवढा व्यापक नाही. 1954 साली सर्वोच्च न्यायालयाने दालमिया-जैन एअरवेज कंपनीशी संबंधित प्रकरणात असे ठरविले की, झडतीत कीर्द-खतावणी जप्त करणे म्हणजे साक्षीची सक्ती नव्हे. 1961 मध्ये मुंबई राज्याच्या अपिलात अकरा न्यायाधीशांनी हस्ताक्षराचा नमुना व अंगठ्याचा ठसा यांसंबंधीही तसाच निर्णय दिला. सारांश, वही दडविण्याचा हक्क कोणासच नाही. परंतु वहीत जे नाही ते तोंडाने कबूल करण्याची सक्ती आरोपीवर करता येत नाही.

खरी अडचण पुढेच आहे. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब पुराव्यात चालत नाही, हे सर्वांस ऐकून ठाऊक असते. पण कर-अधिकारी म्हणजे पोलीस काय? 1966 साली तत्कालीन म्हैसूर राज्यातून गेलेल्या, परदेशी शिक्क्याच्या सोन्यासंबंधीच्या अपिलात पाच न्यायाधीशांनी उत्तर दिले : केंद्रीय अबकारी अधिकारी हा पोलीस अधिकारी नव्हे. म्हणून त्याच्यासमोर दिलेला जबाब, तो स्वेच्छेने दिलेला असल्यास, न्यायालयात वाचला जातो. वाचून न समजलेल्या जबाबावर सही करणे किती घातक, हे यावरून कळावे. 2025 च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने हेच मत कायम राखले, परंतु जोडीला हेही सांगितले की, सीमाशुल्क व वस्तू-सेवा कराच्या अधिकाऱ्यांनी अटकेपूर्वी सबळ कारणांची लेखी नोंद केली पाहिजे व ती कारणे अटक झालेल्यास दिली पाहिजेत; आणि अटकेची धमकी देऊन कर भरून घेतला असल्यास तो परत मागण्यासाठी व्यापाऱ्यास न्यायालयात जाता येईल. रात्री उशिरापर्यंत कार्यालयात बसवून ‘स्वखुशीचा’ भरणा लिहून घेतल्याच्या कथा ज्यांनी ऐकल्या आहेत, त्यांना या वाक्याची किंमत सांगावयास नको.

आपल्या सीमाभागात आणखी एक प्रश्न भाषेचा. वहीखाते मराठीत, सरकारी कागद कानडीत वा इंग्रजीत, आणि सही करणाऱ्या वृद्ध शेठजींस केवळ घरची भाषा येते, असे येथे नित्याचे आहे. या बाबतीत कायदा आपल्या बाजूस आहे. 1962 साली महाराष्ट्रातील एका स्थानबद्धास केवळ इंग्रजीत कारणे दिली होती. त्यास इंग्रजी येत नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने ती स्थानबद्धता बेकायदा ठरविली. नोव्हेंबर 2025 मध्ये त्याच न्यायालयाने तत्त्व आणखी पुढे नेले : अटकेची कारणे लेखी व अटक झालेल्यास समजणाऱ्या भाषेतच द्यावयाची, तत्काळ शक्य नसल्यास तोंडी सांगून, कोठडीसाठी दंडाधिकाऱ्यासमोर नेण्यापूर्वी किमान दोन तास आधी लेखी प्रत द्यावयाची. तसे न घडल्यास अटक बेकायदा ठरते.

तेव्हा मराठी प्रत मागणे म्हणजे अधिकाऱ्याशी भांडण उकरून काढणे नव्हे. मागणी लेखी करावी व तिची पोच ठेवावी. जप्त वह्यांच्या नकला अधिकाऱ्यासमक्ष करून घेण्याची सोय वस्तू-सेवा कर कायद्याच्या कलम 67 मध्ये आहे. तपासास बाध येईल असे अधिकाऱ्यास वाटल्यासच ती नाकारता येते. बेकायदा अटकेविरुद्ध दाद मागण्यास आता बंगळूरपर्यंत धाव घ्यावी लागत नाही. 2008 पासून कर्नाटक उच्च न्यायालयाचे काम धारवाड येथेही चालते, आणि बेळगावहून तेथील वकील गाठणे एका दिवसाचे काम आहे.