ज्यांना जावंच लागतं, त्यांच्यासाठी

मुंब्र्याच्या वळणावर ९ जून २०२५ च्या सकाळी लोकलच्या दारातून माणसं पडली, ते पुन्हा सांगायला नको. त्यानंतर सुचवलेले उपायही एव्हाना पाठ झाले असतील : लोकलला आपोआप बंद होणारे दरवाजे, वाढीव फेऱ्या, आणि कार्यालयांच्या बदलत्या वेळा. त्याच वर्षीच्या पावसाळी अधिवेशनात परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी खासगी कार्यालयांशी वेळांबद्दल बोलण्यासाठी टास्क फोर्स नेमण्याची घोषणा केली आणि जुना विषय पुन्हा वर आला. दरवाजे बसतील तेव्हा बसतील. पण कोणी कोणत्या दिवशी, किती वाजता घराबाहेर पडायचं, हा प्रश्न पैशांचा नाही, लोखंडाचा नाही आणि जमीन संपादनाचाही नाही. म्हणूनच तो मला या सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. इतक्या कमी खर्चाचा उपाय आपण इतकी वर्षं पत्रव्यवहारात अडकवून ठेवला आहे.

मुंब्र्याच्या अपघाताचा तो दिवस सोमवार होता. काही दिवस कार्यालयात, काही दिवस घरून, अशा हायब्रीड पद्धतीबद्दल एक समज पक्का झाला आहे की सोमवार आणि शुक्रवार आता मोकळे असतात, गर्दी मंगळवार ते गुरुवार. लंडनमध्ये ते खरं आहे, मॅनहॅटनमध्येही खरं आहे. मध्य रेल्वेच्या सकाळच्या जलद लोकलला हा नियम लागू होत नाही, कारण त्या लोकलमध्ये उभं कोण असतं ते पाहा. रुग्णालयातली नर्स, कपड्यांच्या दुकानातला विक्रेता, कोर्टातला कारकून, बँकेच्या काउंटरवरची मुलगी, कुरिअरवाला, इमारतीचा सुरक्षारक्षक. यांतल्या कुणालाही लॅपटॉप उघडून डोंबिवलीतून काम करता येत नाही. घरून काम करू शकणारे लोक शहराच्या नोकरदार गर्दीचा एक भागच आहेत. घरून कामाच्या चर्चेत मात्र फक्त त्यांचंच बोलणं ऐकू येतं : मला दोन दिवस मिळतात, तुला तीन कसे, आमच्या मॅनेजरनं बंद केले. मिळालेली सवलत, गेलेली सवलत, एवढ्याच हिशेबात विषय संपतो. माझं म्हणणं असं की घरून काम ही सवलत म्हणून पाहणंच सोडून द्यावं. जो घरी थांबू शकतो, तो ज्याला जावंच लागतं त्याच्यासाठी दारातली जागा मोकळी करतो. ऐन गर्दीत एका चौरस मीटरमध्ये चौदा ते सोळा माणसं कोंबून नेणाऱ्या गाडीत या मोकळ्या जागेचं मोल फार मोठं आहे. २०२३ या एका वर्षात मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर २,५९० माणसं दगावली. काही रूळ ओलांडताना, काही गाडीतून पडून. पडणारी बहुतेक माणसं दाराशी असतात, कारण आत शिरायला वाव नसतो.

सरकारनं याआधी काहीच केलं नाही असं नाही, पण जे केलं ते उद्योगासाठी केलं, प्रवाशासाठी नाही. कोरोनापूर्वी कॉल सेंटरच्या कर्मचाऱ्यानं घरून फोन घ्यायचा तर दूरसंचार खात्याची नोंदणी, बँक हमी अशा अटींच्या जंगलातून जावं लागे. ५ नोव्हेंबर २०२० रोजी त्यांतल्या बहुतेक अटी गेल्या. विशेष आर्थिक क्षेत्रांत तर काम त्या कुंपणाच्या आतच व्हायला हवं, असा करसवलतीमागचा विचार. जुलै २०२२ मध्ये नियम ४३अ आला, निम्म्या कर्मचाऱ्यांना घरून कामाची मुभा मिळाली आणि डिसेंबरात निम्म्याची मर्यादाही उठली. कायद्याचा दरवाजा असा उघडला. पण कुणी कोणत्या दिवशी घरी थांबायचं हे ठरवताना शहराचं मत कुणी विचारलं नाही. ते प्रत्येक कंपनीनं, बहुतेकदा प्रत्येक टीमनं, आपापलं ठरवलं.

आणि सगळ्यांनी जवळपास सारखंच ठरवलं. बैठका आठवड्याच्या मध्यावर बऱ्या, म्हणून ‘टीम डे’ मंगळवार नाहीतर बुधवार. पुण्यात हिंजवडीला जाणाऱ्या कुणालाही विचारा, गुरुवारी वाकडच्या पुलाखाली काय असतं. तिथल्या राजीव गांधी इन्फोटेक पार्कमधली एकेक कंपनी स्वतंत्रपणे शहाणपणानंच वागते, पण सगळ्या मिळून तोच रस्ता त्याच तीन दिवशी भरतात. टॉमटॉम या संस्थेच्या २०२४ च्या पाहणीत पुण्यात दहा किलोमीटर जायला सरासरी ३३ मिनिटं २२ सेकंद लागले आणि पुणे जगातल्या सर्वांत संथ शहरांत चौथं ठरलं. सरासरीच्या या आकड्यात पहाटेचे मोकळे रस्तेही मोजलेले आहेत. भूमकर चौकात सकाळी सव्वानऊला उभ्या असलेल्यांना ३३ मिनिटं हा चांगला दिवस वाटेल.

यात हजेरीच्या नियमानं भर घातली. अमुक दिवस कार्ड स्वाइप झालंच पाहिजे, एवढाच निकष असला की लोक येतात, कार्ड लावतात, कॉफी पितात, चार जणांना चेहरा दाखवतात आणि दुपारी घरी जाऊन उरलेलं काम करतात. कामाचा तास एकही वाढत नाही. रस्त्यावरच्या दोन फेऱ्या मात्र वाढतात. कंपन्यांना लोक समोर हवेत यामागे खरी कारणंही आहेत. नवीन लागलेली पोरं शेजारी बसूनच शिकतात, ते व्हिडिओ कॉलवर होत नाही, हे मला मान्य आहे. पण त्यासाठी कोणता दिवस आणि किती वाजता, हे ठरवण्यात कंपनीचं काहीच जात नाही.

स्टॅनफर्डचे अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम यांनी सहकाऱ्यांसह ट्रिप.कॉम या चिनी कंपनीत केलेला घरून कामाचा प्रयोग जून २०२४ मध्ये ‘नेचर’मध्ये आला. १,६१२ कर्मचारी, सहा महिने. नोकरी सोडणाऱ्यांचं प्रमाण एक तृतीयांशानं घटलं, कामाच्या मूल्यमापनात आणि बढत्यांत काही फरक पडला नाही. सर्वाधिक फायदा बायकांना आणि लांबून येणाऱ्यांना झाला. इथपर्यंत बातम्यांत आलंच होतं. मला त्यातला एक तपशील जास्त मोलाचा वाटतो. ज्यांची जन्मतारीख विषम, त्यांना बुधवार आणि शुक्रवार घरी थांबण्याची मुभा होती. म्हणजे दिवस कंपनीनं आधी ठरवले आणि लोकांनी ते पाळले. दिवस वाटून देता येतात.

पण खरी भुरळ पडते ती दुसऱ्या एका प्रयोगाची. तो आपल्या शेजारच्या राज्यात झाला आणि आपण तो साफ विसरलो. बालाजी प्रभाकर हे स्टॅनफर्डमध्ये संगणकाच्या जाळ्यांवर काम करणारे प्राध्यापक. माहितीची पाकिटं एकाच वेळी एकाच तारेत घुसली की कोंडी होते, थोडी मागेपुढे झाली की सगळी सुरळीत जातात, हा त्यांचा रोजचा अभ्यास. २००८ च्या ऑक्टोबरात त्यांनी इन्फोसिसच्या बंगळुरूच्या आवारात हाच विचार माणसांना लावून पाहिला. कुणाला सक्ती नाही, दंड नाही. सकाळी गर्दीच्या आधी आवारात पोहोचणाऱ्याच्या खात्यात गुण जमा व्हायचे. जितकं लवकर, तितके जास्त गुण. दर आठवड्याला सोडत निघायची आणि ज्याचे गुण जास्त त्याला रोख बक्षीस मिळण्याची शक्यता जास्त. सुमारे चौदा हजार कर्मचाऱ्यांचं ते आवार. सहा महिन्यांत गर्दीआधी येणाऱ्यांची संख्या जवळपास दुप्पट झाली आणि कंपनीच्या बसनं येणाऱ्यांचा सकाळचा प्रवास सरासरी ७१ मिनिटांवरून ५४ मिनिटांवर आला.

सतरा मिनिटं! नवा पूल नाही, मेट्रोचा खांब नाही, सोडतीचा किरकोळ खर्च. यात प्रभाकरांनी हेरलेली गोष्ट अशी की सगळ्यांना हलवावं लागत नाही. रस्ता क्षमतेच्या काठावर असतो तेव्हा थोडेच लोक बाजूला झाले तरी उरलेल्या सगळ्यांची चाकं फिरू लागतात. आणि थोडेसे पैसे सगळ्यांना वाटण्यापेक्षा मोठ्या बक्षिसाची आशा माणसाला जास्त हलवते, हे लॉटरीच्या देशात वेगळं समजावून सांगायला नको. पुढे त्यांनी हेच तंत्र २०१२ मध्ये सिंगापूरच्या रेल्वे प्रवाशांसाठी नेलं. सिंगापूर सरकारनंही २०१३ पासून शहराच्या मध्यभागातल्या स्थानकांवर सकाळी पावणेआठच्या आत बाहेर पडणाऱ्यांचा प्रवास फुकट केला आणि ती सोय साडेचार वर्षं चालवली. बंगळुरूच्या प्रयोगाला आता दीड दशकाहून जास्त काळ लोटला. हिंजवडीत असा प्रयोग होऊ नये, याला मला एकही सबळ कारण सापडत नाही.

मुंबईच्या लोकलला मात्र किमतीची भाषा कशी लावायची हे अवघड आहे, कारण आपल्या पासाला ती भाषा येतच नाही. दुसऱ्या वर्गाचा मासिक पास ढोबळमानानं पंधरा एकेरी तिकिटांच्या किमतीत मिळतो. जून २०१४ मध्ये तो तीस तिकिटांच्या हिशेबानं करायचा निर्णय झाला, तेव्हा मुंबईकरांनी तो काही दिवसांत मागे घ्यायला लावला, आणि बरंच केलं. पण हिशेब करून पाहा : आठवड्यातून फक्त दोनदा जाणाराही महिन्याला सोळा-सतरा फेऱ्या करतो, म्हणजे त्यालाही पासच परवडतो. एकदा पास काढला की सकाळी नऊची गाडी आणि दुपारी साडेअकराची गाडी त्याला सारख्याच दरात. गर्दी टाळल्याबद्दल त्याला काहीच मिळत नाही. दर वाढवणं हा मार्ग नव्हेच. तो नर्सच्या आणि कारकुनाच्या खिशातून जाईल. उशिरा किंवा लवकर जाणाऱ्याला पुढच्या पासात थोडी सूट, एवढं करता येईल. तरी केवळ स्वस्ताईनं भागत नाही, हे लंडननं दाखवलं. तिथे मार्च ते मे २०२४ असे तीन महिने शुक्रवारी दिवसभर कमी दर लावून पाहिले. प्रवासी म्हणावे तसे वाढले नाहीत आणि योजना गुंडाळली गेली. माझ्या मते त्याचं कारण सरळ आहे. दिवस नोकरदार ठरवत नाही, त्याची कंपनी ठरवते. सवलत द्यायची तर बदलण्याचा अधिकार ज्याच्या हातात आहे त्याच्याशी आधी बोलावं लागतं.

घरून कामाची दुसरी बाजूही आहे, ती टाळता येत नाही. टपरीवाला भाडं महिन्याचं भरतो आणि गिऱ्हाईक आठवड्यातून तीन दिवस येतं. डबेवाल्यांच्या संघटना पूर्वी आपली सुमारे पाच हजार माणसं असल्याचं सांगत. ही व्यवस्था रोजच्या नेमावर उभी होती. ज्याचा डबा सोमवारी आहे, मंगळवारी नाही, त्याची साखळी बांधता येत नाही. यांचं नुकसान दिवसांच्या वाटणीनं थोडं तरी कमी होतं, कारण सगळी गर्दी तीन दिवसांत न कोंबता पाच दिवसांत पसरते. घरात मात्र प्रश्न राहतो. वन बीएचकेमध्ये दोघांचं काम, पोरांची शाळा आणि एकच टेबल. बहुतेक घरांत बाई स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी मीटिंग घेते. अशा घरांसाठी ठाणे-कल्याणच्या पालिकांनी वस्तीतच बसायला जागा काढल्या, तर त्या वाचनालयांइतक्याच वापरल्या जातील.

टास्क फोर्सनं काय करावं? मध्य रेल्वेनं २०२३ मध्ये शेकडो आस्थापनांना वेळा बदला म्हणून पत्रं पाठवली आणि १ नोव्हेंबरपासून स्वतःच्या मुंबईतल्या कर्मचाऱ्यांना साडेनऊ आणि साडेअकरा अशा दोन पाळ्या लावून दाखवल्या. स्वतःपासून सुरुवात केली हे उत्तम, पण पत्रांना उत्तरं द्यायची सक्ती कुणावर नव्हती. त्यामुळे पुन्हा आवाहन नको. हिंजवडी, ऐरोली आणि वांद्रे-कुर्ला संकुल अशी तीनच ठिकाणं घ्या. हजारावर माणसं असलेल्या कंपन्यांना एका टेबलाशी बसवा, त्यांच्याकडून दिवसनिहाय हजेरी मागा. ती त्यांच्याकडे स्वाइप मशीनमध्ये मिनिटागणिक नोंदलेली आहे. मग घरून कामाचे दिवस कंपन्यांत वाटून द्या : उदाहरणार्थ हिंजवडीच्या टप्पा एकला सोमवार-बुधवार, टप्पा दोनला मंगळवार-गुरुवार. उरलेल्यांसाठी लवकर येण्याची सोडत. सहा महिने करा आणि आधीचे-नंतरचे आकडे जाहीर करा. मंत्रालयाच्याही वेळांना हात लावा. २९ फेब्रुवारी २०२० पासून राज्य सरकारचा आठवडा पाच दिवसांचा झाला, पण त्या पाचही दिवशी बहुतेक सगळे पावणेदहाला आत आणि सव्वासहाला बाहेर. एवढ्या मोठ्या नोकरवर्गाला दोन पाळ्यांत विभागायला कोणत्याही कंपनीची परवानगी लागत नाही, फक्त एक शासन निर्णय लागतो.