मूठभर मातीची शिरगणती

सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यात डाळिंबबाग असलेल्या घरातलं पोरसुद्धा ‘तेल्या’ ओळखतं. पावसाळी हवेत पानाफळांवर तेलकट डाग पडतात, फळ तडकतं आणि वर्षाची कमाई जाते. हे काम झँथोमोनास या जिवाणूचं. त्याच शिवारात तुरीच्या मुळांवरच्या गाठींत रायझोबियम गटातले जिवाणू हवेतला नत्र पिकाला मिळवून देतात. एक वैरी, दुसरा सोबती. पण सूक्ष्मदर्शकाखाली दोघेही दांडीच्याच आकाराचे. निव्वळ रूपावरून त्यांना वेगळं ओळखणं कठीण.

प्रयोगशाळेच्या बशीत वाढवून ओळखावं, तर मातीतले बहुसंख्य जिवाणू तिथे वाढतच नाहीत. म्हणून शास्त्रज्ञ मातीतून थेट डीएनए काढतात. सगळ्या जिवाणूंमध्ये ‘१६ एस’ नावाचं सुमारे १५०० अक्षरांचं जनुक असतं. त्याचे काही भाग जवळपास सर्वांत सारखे, तर काही जातीजातीत वेगळे. सारख्या भागांना धरून पीसीआर यंत्र त्याच्या प्रती काढतं. दर फेरीला दुप्पट, म्हणजे तीस फेऱ्यांत एका प्रतीच्या, हिशेबाने, शंभर कोटींहून अधिक! मग वेगळे भाग वाचायचे आणि सर्वांना खुल्या असलेल्या जागतिक माहितीसाठ्याशी ताडून पाहायचे. कॅरी म्युलिस यांना १९८३ मध्ये सुचलेल्या पीसीआर तंत्राला १९९३ मध्ये नोबेल मिळालं. त्यासाठी लागणारं उष्णता सोसणारं विकर आलं, तेही अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या गरम झऱ्यात सापडलेल्या जिवाणूकडून.

१६ एस जनुकापासून बनणाऱ्या आरएनएच्या तुलनेतून कार्ल वूस यांनी १९७७ मध्ये आर्किया हा जिवाणूंहून वेगळा जीवगट दाखवून दिला. २०२० मध्ये लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं, तेही याच गटातल्या खारप्रेमी जीवांमुळे.

दहावीच्या पुस्तकात सूक्ष्मजीवशास्त्र आणि जैवतंत्रज्ञान आहेच. त्याला शिवाराची जोड द्यावी. मुलांनी डाळिंबबाग, कोरडवाहू रान, मेंढ्यांचा वाडा आणि ओढ्याकाठची माती स्वच्छ पिशव्यांत गोळा करावी. ठिकाण, तारीख, पीक, ओलावा यांची नोंद ठेवावी. सरावासाठी मीठ, भांडी घासायचा साबण आणि थंडगार अल्कोहोल वापरून केळ्यातला डीएनए शिक्षकांच्या देखरेखीखाली वर्गातच काढता येतो. मातीतल्या डीएनएचा पीसीआर आणि वाचन महाविद्यालयाच्या किंवा विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत व्हावं. आलेली अक्षरं संगणकावर ताडण्याचं काम पुन्हा मुलांचं.

अशी तयार झालेल्या जिवाणूंच्या यादीची मर्यादाही शिकवावी. मेलेल्या जिवाणूंचा डीएनएही तीत येतो. शिवाय या जनुकावरून कुळ कळतं, पण रोग करणारा नेमका वाण दर वेळी कळत नाही. पुरावा कुठवर बोलतो हे समजणं, हाच विज्ञानाचा खरा धडा.

पुण्यात राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्र आहे, सोलापुरात राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र. मुख्याध्यापकांनी त्यांना आणि जवळच्या महाविद्यालयांना पत्र लिहावं, महाविद्यालयांनी दार उघडावं. उद्या शेती करणाऱ्या मुलांना आपल्या मातीत कोण राहतं, हे आजच कळायला हवं.