कोणापासून लपवून?

मृग जवळ आला की यवतमाळ जिल्ह्यात एक बातमी हमखास वाचायला मिळते: बंदी असलेले कापसाचे बियाणे पकडले. तणनाशक फवारले तरी न जळणारे हे वाण कृषी खात्याच्या कागदावर ‘एचटीबीटी’ असते आणि गावात ‘चोर बीटी’. साध्या बीटी कापसाला देशात 2002 मध्ये परवानगी मिळाली, या वाणाच्या लागवडीला मिळालेली नाही. म्हणून ते पक्क्या बिलाशिवाय, ओळखीपाळखीने, हातोहात खपते. मराठी बातमीत हे बियाणे ‘छुप्या मार्गाने’ येते, ‘चोरून’ विकले जाते आणि ‘गुपचूप’ पेरले जाते. हीच बातमी इंग्रजीत लिहायला बसलेल्या विद्यार्थ्यापुढे शब्दकोश एकदम सहा शब्द टाकतो: सिक्रेटली, फर्टिव्हली, स्टेल्थिली, सरेप्टिशसली, कोव्हर्टली, क्लँडेस्टाइनली. शिकवणीतल्या नोट्समध्ये ते समानार्थी म्हणून एकाच ओळीत बसवलेले असतात, आणि मग जो आधी आठवेल तो वापरला जातो. वास्तविक यातला सिक्रेटली सोडला तर बाकीचे शब्द लपवण्यापेक्षा जास्त काही सांगतात. गोष्ट कोणापासून लपवली, आणि लपवणाऱ्याच्या मागे कोण उभे आहे, हे त्या क्रियाविशेषणातच भरलेले असते.

बियाण्याचीच वाट धरून पाहू. परप्रांतातून माल आणायचा, गोदामात उतरवायचा, ठरलेल्या माणसांनाच द्यायचा, हा सगळा बेकायदा बेत कायद्यापासून लपवलेला असतो. इथे क्लँडेस्टाइनली चपखल बसतो, कारण त्या शब्दात आधी ठरवून केलेली, बहुधा निषिद्ध अशी जुळवाजुळव असते. नाक्यावर गाडी अडवली आणि चालकाने मागच्या पोत्यांकडे घाबरी नजर टाकली, तर ती नजर फर्टिव्ह. हा शब्द पाहण्याच्या, हालचालीच्या ढबीबद्दल बोलतो. आत धाकधूक आहे आणि ती बाहेर दिसते आहे. चौकशी चालू असताना, समोरच्याच्या नकळत, टेबलाखाली मोबाईलचे रेकॉर्डिंग सुरू केले, तर ते सरेप्टिशसली. ज्याच्यापासून लपवायचे तो अनेकदा तिथेच बसलेला असतो, हेच या शब्दातले नाट्य. कोव्हर्टलीला मात्र मोठे पाठबळ लागते. हेर खाते, सरकार किंवा एखादी संघटना कोव्हर्टली पैसा पुरवते. दोन पाकिटे घेणाऱ्या कास्तकाराला तो शब्द लावला तर वाचणारा इंग्रज हसेल. आणि ज्या कास्तकाराला आपण ‘गुपचूप’ पेरायला लावले, त्याचे शेत तर रस्त्याच्या कडेला असते. ग्लायफोसेट या तणनाशकाची फवारणी झाली की आठ-दहा दिवसांत धुऱ्यापर्यंतचे तण पिवळे पडून वाळते आणि मधे पऱ्हाटी हिरवीगार उभी राहते. वाण कोणते, हे अख्ख्या गावाला कळते. लपवाछपवी असलीच तर ती कृषी खात्याच्या एकट्या निरीक्षकापासून. अशा पेरणीला फर्टिव्हली म्हणणे म्हणजे त्या माणसाच्या चेहऱ्यावर नसलेला अपराध चिकटवणे होय.

स्टेल्थिली उरला. तो पावलांचा शब्द आहे, आणि त्याचे उत्तम उदाहरण याच जिल्ह्यातले. नोव्हेंबर 2018 मध्ये राळेगाव तालुक्याच्या परिसरात मारली गेलेली टी-1 वाघीण, म्हणजे लोकांची ‘अवनी’, सावजाच्या दिशेने सरकायची ती स्टेल्थिली, दबकत. त्यात पाप-पुण्य नाही. तिला मारण्यावरून गावकरी आणि वन्यजीवप्रेमी यांच्यात केवढा वाद झाला. पण कोणीही ती क्लँडेस्टाइनली हिंडत होती असे म्हणणार नाही, कारण वाघाला कायदा ठाऊक नसतो.

यावर कोणी म्हणेल, हे सगळे शब्दांचे चोचले आहेत, मुळात सगळ्यांच्या पोटात चोरच बसलेला आहे. आक्षेपात तथ्य आहे. फर्टिव्हच्या मुळाशी चोर या अर्थाचा लॅटिन शब्द आहे, स्टेल्थ हा स्टील, म्हणजे चोरणे, याचाच भाऊबंद, आणि आपले ‘चोरून’ तर उघडच आहे. पण मूळ म्हणजे आजचा अर्थ नव्हे. चोरून पाहणारा प्रियकर काही पळवत नाही. शिवाय ‘कोणापासून’ हा प्रश्न माझ्या कल्पनेतला असता तर कायद्याने तो विचारला नसता. 1860 च्या भारतीय दंड संहितेत चोरीच्या व्याख्येला गुप्ततेची अटच नव्हती. भरदिवसा, चारचौघांत उचलले तरी चोरी, हेतू अप्रामाणिक असला की पुरे. लपून घरात शिरण्याच्या गुन्ह्याची, म्हणजे कलम 443 ची, व्याख्या करताना मात्र संहितेने नेमके म्हटले होते की, घुसणाऱ्याला बाहेर काढण्याचा हक्क असलेल्या व्यक्तीपासून आपले शिरणे लपवण्याची खबरदारी त्याने घेतलेली असावी. शेजाऱ्यापासून लपला की नाही, याच्याशी त्या कलमाला कर्तव्य नव्हते.

दुसरा आक्षेप असा की मराठीत एवढे कप्पे नाहीत, एक ‘गुपचूप’ सगळीकडे चालतो. चालतो खरा, पण तो आपला आळस. वडिलोपार्जित शेत भावाने ‘परस्पर’ विकले म्हणताच कळते की व्यवहार निबंधक कार्यालयात राजरोस झाला असेल, लपवला तो फक्त हक्कदारापासून. इंग्रजीला त्यासाठी पाठीचा आधार घेऊन ‘बिहाइंड हिज बॅक’ असा अख्खा वाक्प्रचार वापरावा लागतो. ‘बिनबोभाट’मध्ये लपवणे जवळजवळ नाहीच, फक्त गाजावाजा नाही. आजीने नातवाच्या मुठीत नोट कोंबली ती ‘हळूच’. तिथे सरेप्टिशसली लिहिले तर आजीवर बालंट येईल. उलट दिशेनेही घसरायला होते. सिक्रेटली प्लीज्ड या इंग्रजी शब्दांचे ‘गुप्तपणे खूश’ असे भाषांतर छापलेले दिसते. मराठी माणूस मनातल्या मनात खूश होतो. आपली अशी बरीचशी क्रियाविशेषणे मुळात क्रियापदेच आहेत: चोरून, लपून, दबकत, डोळा चुकवून. त्यातल्या शेवटच्यात तर कोणाचा डोळा, हे सांगितल्याशिवाय वाक्य पुरे होत नाही.

या शब्दांचे खरे वजन कळते ते लपवणेच काढून टाकले की. राखीव जंगलातले गवत परवान्याशिवाय कापणे हे इंग्रजी अमलात चुकवाचुकवीचे काम होते. 10 जुलै 1930 रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदजवळ तेच गवत आधी जाहीर करून, लोकांसमक्ष कापले आणि अटक करवून घेतली. विळा तोच, गवत तेच, कायदाही तोच. पण वरच्या सहापैकी एकही शब्द त्या कृतीला लावता येत नाही, आणि सरकारची अडचण तिथेच झाली. 10 जून 2019 ला अकोला जिल्ह्यात अकोली जहांगीर इथे शेतकरी संघटनेने बंदी असलेले कापसाचे बियाणे शेकडो लोकांदेखत पेरले, तेही असेच बोलावून, सांगून. त्याचे समर्थन करायचे की नाही हा वेगळा वाद; तणनाशकाच्या वाढत्या वापराची भीती निराधार नाही. मात्र त्या पेरणीची बातमी देतानाही कित्येकांच्या लेखणीतून ‘चोर बीटी’ सुटले नाही, आणि पुढच्या मृगाला गावातही ते बियाणे त्याच नावाने मागितले गेले.