‘एज्युकेशन’ हा एकमेव शब्द नव्हे

‘ए, ई, आय, ओ, यू ही पाचही स्वराक्षरे असलेला इंग्रजीतला एकमेव शब्द कोणता?’ सामान्यज्ञानाच्या पुस्तिकांत, शाळांच्या सूचनाफलकांवर, व्हॉट्सअॅपच्या सुप्रभात संदेशांत हा प्रश्न वर्षानुवर्षे फिरतो आहे. खालचे उत्तरही ठरलेले : एज्युकेशन. शिक्षणात सारे स्वर सामावले आहेत, असा उपदेशही अनेकदा सोबत जोडलेला असतो. हे उत्तर साफ चुकीचे आहे, आणि ते खोडून काढायला जाडजूड शब्दकोश लागत नाही. मंडईतला फ्लॉवर पुरतो. त्याचे पूर्ण नाव कॉलिफ्लॉवर. ते रोमन लिपीत लिहा : सी, ए, यू, एल, आय, एफ, एल, ओ, डब्ल्यू, ई, आर. अक्षरे ११, त्यांत पाचही स्वराक्षरे, आणि प्रत्येक एकदाच. ‘एकमेव’ हा दावा एका उलट उदाहरणाने संपतो. इथे तर उदाहरणांची रांग लागते. गणिताच्या तासाला येणारा इक्वेशन, दवाखान्यातला न्यूमोनिया, नाटक-सिनेमातला डायलॉग, सरकारी कागदांतला रेग्युलेशन, झालेच तर रेप्युटेशन, प्रिकॉशन, टॅम्बरीन. यांतला एकही शब्द शब्दकोशाच्या कोपऱ्यात दडलेला नाही. फक्त ते कानाने सापडत नाहीत. न्यूमोनियातले पहिले अक्षर पी आहे हे ऐकून कोणाला कळणार? स्पेलिंग कागदावर मांडून एकेक अक्षर तपासावे लागते, आणि हा संदेश पुढे पाठवणाऱ्यांनी नेमके तेवढेच केलेले नसते.

असे शब्द इतके का सापडतात, यालाही कारण आहे. ई, ए, ओ आणि आय ही इंग्रजी मजकुरात सर्वाधिक येणाऱ्या अक्षरांपैकी आहेत. अडून बसतो तो यू. तो बराच मागे आहे. त्यात इंग्रजीने लॅटिन-फ्रेंचकडून घेतलेले प्रत्यय मदतीला येतात. ‘-एशन’ने संपणाऱ्या शब्दात ए, आय, ओ आयतेच मिळतात, आधीच्या भागात ई आणि यू असले की काम झाले. एज्युकेशन, रेग्युलेशन, रेप्युटेशन, स्पेक्युलेशन हे सगळे याच वाटेने आले. दुसरी वाट ‘आय-ओ-यू-एस’ या शेपटाची. तिथे अवघड यू फुकट मिळतो आणि फक्त ए व ई जमवायचे उरतात : ग्रेगेरिअस, प्रिकेरिअस, टेनेशस, नेफेरिअस. तिसरी वाट ब्रिटिश स्पेलिंगची, म्हणजे आपल्या शाळांत शिकवतात त्या स्पेलिंगची. बिहेव्हिअर आणि फेव्हरिट या शब्दांत ब्रिटिश पद्धतीने पाचही स्वराक्षरे येतात. अमेरिकन पद्धतीत यू गळतो आणि दोन्ही शब्द यादीतून बाहेर पडतात. एज्युकेशनमध्ये शिक्षणाचा महिमा शोधण्यापेक्षा ही शब्दघडण मुलांना दाखवली, तर त्यांच्या हाती खरेच काही लागेल.

यावर काही बचाव हमखास पुढे येतात. प्रत्येक स्वर एकदाच यावा, असे आम्हाला म्हणायचे होते, हा पहिला. वरच्या प्रत्येक शब्दात तो एकदाच आला आहे. मग सर्वांत छोटा शब्द तरी एज्युकेशन असेल? त्यात ९ अक्षरे आहेत. इक्वेशन आणि डायलॉगमध्ये ८, आणि कॅलिफोर्नियातल्या उंच वृक्षाचे नाव असलेल्या सिकोयात अवघी ७. स्वर क्रमाने येतात, असे म्हणावे, तर एज्युकेशनमधला क्रम ई, यू, ए, आय, ओ असा आहे. त्याला कोणी क्रम म्हणणार नाही. क्रमाने हवे असतील तर फेसीशस आणि अॅब्स्टेमिअस हे शब्द आहेत. पण ‘असे दोनच शब्द आहेत’ ही नवी अफवाही पसरवू नये, कारण रसायनशास्त्रातला आर्सेनिअस तिसरा आहे. उलट क्रमाने, म्हणजे यू, ओ, आय, ई, ए असे हवे असतील तर आपल्याच भारतीय उपखंडाचे विशेषण घ्या : सबकॉन्टिनेन्टल. १४ अक्षरे, पाचही स्वराक्षरे एकेकदा, बरोबर उलट्या ओळीत. इतका देखणा शब्द समोर असताना पिढ्यान्‌पिढ्या एकाच चुकीच्या उत्तराची घोकंपट्टी चालावी, याचा खरोखर संताप येतो.

शब्द लांब असला की त्यात सगळी अक्षरे येणारच, हाही एक समज. १८व्या शतकापासून नोंद असलेल्या फ्लॉक्सिनॉसिनिहिलिपिलिफिकेशन या २९ अक्षरी शब्दात आय नऊ वेळा येतो आणि ई एकदाही नाही. २८ अक्षरी अँटिडिसएस्टॅब्लिशमेंटेरिअनिझममध्ये ओ आणि यू दोन्ही नाहीत. ‘क्यूनंतर यू आलाच पाहिजे’ हेही खरे नाही. कव्वाली, तलाक आणि बुरखा हे शब्द इंग्रजी शब्दकोशांत क्यू घेऊनच गेले आहेत, त्यापुढे यू न लावता. ‘रिदममध्ये स्वरच नाही’ असे म्हणणारे त्यातल्या वायचे काम विसरतात. आणि कीबोर्डच्या वरच्या एका ओळीत टाइप होणारा सर्वांत लांब शब्द टाइपरायटर, हेही अर्धेच खरे : त्याची १० अक्षरे आहेत, तितकीच प्रोप्रायटर, परपेच्युइटी आणि रेपर्टवारची, तर रप्चरवर्ट या वनस्पतीच्या नावात ११.

मग खात्री कशी करायची? या विषयाचा गंभीर अभ्यास झालेला आहे. दिमित्री बोर्गमन यांचे ‘लँग्वेज ऑन व्हेकेशन’ हे पुस्तक १९६५ साली आले आणि १९६८मध्ये ‘वर्ड वेज’ हे शब्दखेळांना वाहिलेले नियतकालिक सुरू झाले. आज हे काम संगणक क्षणात करतो. वेबस्टरच्या १९३४च्या बृहद्‌कोशावरून केलेली सुमारे २ लाख ३५ हजार शब्दांची यादी मॅक संगणकांत साध्या फाइलच्या रूपात असते. ‘ए असलेले शब्द ठेव, त्यांतून ई असलेले ठेव’ अशी पाच वेळा गाळणी लावली की उरतील ते आपले शब्द. मात्र कोणती यादी चाळली, हे सांगायलाच हवे. या यादीत अनेकवचने आणि भूतकाळी रूपे बहुतांशी नाहीत, त्यामुळे ऑक्शन्ड किंवा कॉशन्डसारखे शब्द तिथे मिळणार नाहीत. दुसऱ्या यादीत मिळतील. ‘सर्वांत लांब’ आणि ‘एकमेव’ हे दावे नेहमी अशा एखाद्या यादीपुरतेच खरे असतात. हाताने शोधायचे असेल तर दुर्मीळ अक्षरापासून सुरुवात करावी. क्यू, झेड, एक्स, जे हवे असतील तर आधी ते असलेले शब्द आठवावेत. फक्त स्वर हवे असतील तर यू धरावा आणि मग प्रत्ययांकडे वळावे.

सामान्यज्ञानाच्या पुस्तिका काढणाऱ्यांना आणि शाळेतल्या शिक्षकांना एवढीच विनंती : त्या प्रश्नातला ‘एकमेव’ खोडा आणि मुलांना सांगा, पाचही स्वराक्षरे असलेले किमान १० इंग्रजी शब्द शोधून आणा.