आठ भावांचा संघ

गेल्या पंधरवड्यात लागण नोंदीसाठी फिरताना एका सभासदाच्या वस्तीवर चहाला थांबलो. बोलता बोलता ते म्हणाले, "साहेब, आमच्या धाकट्याला जरा चार शब्द सांगा. बारावीचं वर्ष, अन् संध्याकाळ झाली की हा बॉल घेऊन शाळेच्या मैदानावर. खेळून कुणाचं पोट भरलंय का?" पोरगा दाराआड उभा राहून ऐकत होता. मला पटकन उत्तर सुचलं नाही. उसाची जात विचारली असती तर लगेच सांगितली असती! घरी आल्यावर जिमी जॉर्ज आठवला. त्याची हकीकत त्या सभासदांसाठी व आपणा सर्वांसाठी देत आहे.

केरळच्या कण्णूर जिल्ह्यात पेरावूर नावाचं गाव आहे. तिथले जॉर्ज जोसेफ पेशाने वकील. विद्यार्थिदशेत ते स्वतः विद्यापीठाकडून व्हॉलीबॉल खेळलेले. त्यांना दहा मुलं, त्यात आठ मुलगे. आठही जण व्हॉलीबॉल खेळले. या खेळात मैदानावर सहा गडी लागतात. म्हणजे घरचाच संघ, वर दोन राखीव! जिमीचा जन्म १९५५ चा. खेळाचे पहिले धडे त्याला वडिलांनीच दिले. सोळाव्या वर्षी, १९७१ मध्ये, तो केरळच्या संघात गेला. पुरुषांच्या खेळात जाळी २.४३ मीटर, म्हणजे जवळजवळ आठ फूट उंच असते. जिमी तिच्याही वर उडी घेऊन असा स्मॅश मारी की क्षणभर तो हवेत थांबलाय असं बघणाऱ्याला वाटे.

१९७६ मध्ये त्याने वैद्यकीय शिक्षण सोडलं व केरळ पोलिसांत नोकरी धरली. एकविसाव्या वर्षी त्याच साली त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला. पुढे तो अबुधाबीत व नंतर इटलीत व्यावसायिक म्हणून खेळला. १९८६ च्या सोल आशियाई स्पर्धेत भारताने कांस्यपदक मिळवलं, त्या संघात तो होता. परंतु ३० नोव्हेंबर १९८७ रोजी इटलीत मोटार अपघातात तो गेला. वय अवघं ३२. तो जिथे खेळत होता त्या मोंटिकियारी गावाने आपल्या क्रीडागृहाला त्याचं नाव दिलं. परक्या मुलखात असा मान सहज मिळत नसतो.

घरातला खेळ तिथेच थांबला नाही. एक भाऊ रॉबर्ट बॉबी हा तिहेरी उडीचा राष्ट्रीय विजेता, आणि शिक्षणाने मेकॅनिकल इंजिनिअर. त्याने पत्नी अंजूला लांब उडीचं प्रशिक्षण दिलं. २००३ साली पॅरिसच्या जागतिक स्पर्धेत ६.७० मीटर उडी मारून अंजूने कांस्यपदक घेतलं. जागतिक मैदानी स्पर्धेतलं ते भारताचं पहिलं पदक.

आता कुणी म्हणेल, जिमीने शिक्षण सोडलं, मग आमच्यानेही सोडावं का? तसं नाही, मंडळी. एका जोमदार बेटावरून सगळ्या प्लॉटचा उतारा कुणी धरत नाही. जिमीच्या हाती पोलिसांची नोकरी होती. बॉबीने शिक्षण आणि खेळ दोन्ही सांभाळलं. आपण घ्यायचं ते त्यांच्या वडिलांकडून. वकिली करणाऱ्या माणसाने पोरांच्या हातात बॉल दिला आणि शिकवायला स्वतः उभा राहिला.

जागा किती लागते म्हणाल, तर मैदान १८ मीटर बाय ९ मीटर. भोवतीची मोकळी जागा धरून साडेतीन गुंठे. गावच्या गायरानात किंवा शाळेमागे एवढं रान निघू शकतं.

परवा मी पुन्हा त्या वस्तीवर गेलो. म्हटलं, "रोजचा एक तास पोराला खेळायला द्या, अभ्यासाचा हिशेब तुम्ही घ्या. अन् एकदा मैदानावर जाऊन त्याचा खेळ तरी बघा." सभासद थोडा वेळ गप्प राहिले. मग हसून म्हणाले, "साहेब, लग्नाआधी मीबी शूटिंग खेळायचो. तालुक्याला कप आणला होता आम्ही."

पोरगा दारातून पुढे आला. ही गोष्ट त्याने त्या दिवशी पहिल्यांदाच ऐकली होती.