आधीची ओळ पाठवा

"सर, शॅल लिहू की शुड?" पिंपळे सौदागरला संध्याकाळी मी इंग्रजीचा वर्ग घेतो. त्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर असा प्रश्न पडला की मी उलट विचारतो, कशात लिहायचंय? वर्गातले बहुतेक जण चाकण-भोसरीच्या कारखान्यांत क्वालिटीला नाहीतर परचेसला आहेत. शाळेतला नियम त्यांना तोंडपाठ असतो: आय आणि वुईला शॅल, बाकीच्यांना विल. पण कागद वर्क इन्स्ट्रक्शनचा असेल तर तो नियम बाजूला ठेवावा लागतो. आयएसओच्या मानकांत शॅल म्हणजे सक्ती, शुड म्हणजे शिफारस, मे म्हणजे मुभा. 'ऑपरेटर शॅल चेक द गेज' असं लिहिलंय आणि तपासल्याची नोंद नाही, तर ऑडिटर एनसी, म्हणजे नियम न पाळल्याचा शेरा, टाकणारच. तोच शॅल घरी पोराला झोपवताना वापरून बघा, पोरगं हसेल.

सगळ्यांत जास्त घोळ अ आणि द चा. परवा एकाने वाक्य धाडलं, 'वुई फाउंड क्रॅक इन द हाउसिंग'. क्रॅकच्या आधी काय? नुसत्या वाक्यावरून कुणालाच सांगता येणार नाही. आधीची मेल मागवली. ग्राहकाने फोटोसकट क्रॅकची तक्रार केली होती आणि हे त्याचं उत्तर होतं. म्हणजे 'द क्रॅक': तुम्ही दाखवलात तोच, आम्हालाही सापडला. 'अ क्रॅक' गेलं असतं तर पलीकडच्याला वाटलं असतं, हा आणखी एक निघाला. मग सगळी बॅच होल्डवर.

आपल्याकडे महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आलं 2000 साली. शिक्षणमंत्री होते रामकृष्ण मोरे. चिंचवडचं नाट्यगृह त्यांच्याच नावाचं. त्या वर्षी पहिलीत बसलेली मुलं आता तिशी ओलांडून माझ्या वर्गात येतात. त्यांचं व्याकरण कच्चं आहे असं मला वाटत नाही. त्यांना जडली आहे ती गाळलेल्या जागा भरायची सवय. परीक्षेत प्रत्येक वाक्य एकटं येतं. ना त्याच्या मागे कुणी, ना पुढे. कारखान्यातलं वाक्य कुणीतरी कुणाला तरी, कशाच्या तरी उत्तरादाखल लिहिलेलं असतं.

प्रयोगाचंही तेच. ग्राहकाच्या तक्रारीचं मूळ शोधणाऱ्या एट-डी रिपोर्टमध्ये 'द बोल्ट वॉज नॉट टाइटन्ड' हा कर्मणी प्रयोग शोभतो, कारण तिथे दोष प्रक्रियेत शोधायचा असतो, माणसात नाही. खाली उपाययोजनेच्या रकान्यात मात्र तो चालत नाही. तिथे कोण करणार आणि कधीपर्यंत, हे लागतंच.

तेव्हा मला किंवा कुणालाही व्याकरण विचाराल तेव्हा आधीची ओळ, नंतरची ओळ आणि कोण कुणाला लिहितंय, एवढं जरूर पाठवा. ग्राहकाचं नाव आणि पार्ट नंबर तेवढा खोडा.