कुमारागार आणि आजचे घर

पेण-रोहा परिसरात व्यवसाय करताना, विशेषतः वर्षाऋतूत, बाळंतिणीचे आप्त एक प्रश्न हमखास विचारतात : “डॉक्टर, बाळाला निजवायचं कुठं?” प्रश्न साधा, उत्तर मात्र सोपे नाही. भुईला ओल असते आणि रात्री जमिनीवर निजलेल्यांना मण्यार दंश करते, हे रायगडवासीयांस सांगावयास नको. साडीच्या झोळीत बालकाची हनुवटी छातीवर टेकून श्वासमार्ग दबतो. मोठ्यांच्या गादीवर कूस बदलताना ते अंगाखाली सापडण्याचे भय असते.

चरकसंहितेच्या शारीरस्थानातील आठव्या अध्यायात कुमारागाराचे वर्णन आहे. ते दृढ, प्रकाशयुक्त, निवात तरीही एका बाजूने हवा खेळती असलेले आणि दंष्ट्री प्राणी, मूषक व पतंग यांपासून मुक्त असावे, अशी आचार्यांची अपेक्षा आहे. शय्या मृदु असावी, असेही ते म्हणतात. मऊ गादीत बालकाचे नाक-तोंड रुतून श्वास कोंडतो, हे आज ज्ञात आहे. म्हणून ही मृदुता आपण वस्त्रापुरती घ्यावी. अमेरिकेत १९९४ साली बालकांना उताणे निजविण्याची मोहीम सुरू झाली आणि झोपेतील आकस्मिक मृत्यू पुढे सुमारे निम्म्याने घटले.

याच अध्यायातील धूपनविधी वस्त्रे, शय्या व पांघरुणे यांच्यासाठी सांगितला आहे. प्रत्यक्षात मात्र न्हाऊ घातलेले बाळ शेगडीच्या धुरावर धरले जाते. प्रस्तुत लेखकानेही प्रारंभी या प्रथेस आक्षेप घेतला नव्हता. धुरीनंतर धाप लागलेले एक तान्हे मूल तपासल्यावर मूळ पाठ पुन्हा वाचला, आणि चूक उमगली.

तेव्हापासून मी पालकांना पुढीलप्रमाणे सांगतो. आईच्या खाटेशेजारी सपाट तळाचा, मजबूत लाकडी पाळणा ठेवावा. त्यात घट्ट, पातळ गादी व ताणून बसविलेली चादर असावी. मोहरीची उशी, जाड दुपटी, खेळणी वा लोंबते दोरे नसावेत. वर्षभर बाळास उताणेच निजवावे. मच्छरदाणी चोहोबाजूंनी गादीखाली नीट खोचावी. खोलीत विडी-सिगारेट ओढू नये. धूपन बाळ बाहेर असताना करावे; धूर पूर्ण निघून गेल्यावरच त्यास आत आणावे.

औषधविक्रेत्या बंधूंना एक विनंती. धुरीचे पुडे देताना ‘कपड्यांसाठी, बाळास धुरावर धरू नये’ एवढे शब्द वर लिहावेत. ग्राहक आपल्यावर विश्वास ठेवूनच तो पुडा घरी नेतो.